जमिनीची अमानत



हिजरी सनाच्या आठव्या वर्षी मक्का शहर जिंकले गेले, त्या दिवशीचा एक प्रसंग आपण सर्वांनी ऐकला असेल. काबागृहाची किल्ली उस्मान बिन तलहा (रजि.) यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी ती मागवून घेतली, दार उघडले आणि आत प्रवेश केला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्याच घराण्यातील एका निकटच्या आप्ताने विनंती केली की, हाजींना पाणी पाजण्याचा मान आमच्याकडे आहेच, आता ही किल्लीही आम्हालाच मिळावी. कुरआनचे अनेक भाष्यकार सांगतात की, सूरह अन-निसाची ५८वी आयत याच प्रसंगाशी जोडलेली आहे. ज्याची अमानत त्याच्या स्वाधीन करावी आणि लोकांमध्ये निवाडा करताना न्यायाने करावा, असा अल्लाहचा आदेश तीत आहे. पैगंबरांनी उस्मान यांना बोलावून किल्ली परत केली. चौदा शतके उलटली, तरी ती आजही त्याच घराण्याच्या वंशजांकडे आहे.

त्या दिवशी मक्केत पैगंबरांना जाब विचारू शकेल असा एकही मनुष्य नव्हता. किल्ली ठेवून घेतली असती तर कोणी तक्रार केली नसती, उलट विजेत्याचा तो स्वाभाविक अधिकार मानला गेला असता. अमानतीची आज्ञा आली ती अशा घडीला, विजेत्याच्या हातात किल्ली असताना. हे ध्यानात ठेवून पुढील हकीकत वाचावी, अशी विनंती आहे.

उत्तर अमेरिकेत कॅनडा आणि अमेरिका या दोन देशांच्या सीमेवर पाच महासरोवरे आहेत. त्यांच्या काठी अनिशिनाबे नावाचा जनसमूह शतकानुशतके राहत आला आहे. ओजिब्वे, ओडावा, पोटावाटोमी या त्याच्या शाखा होत. मासेमारी, शिकार, मेपल वृक्षाच्या रसापासून केलेली साखर आणि उथळ तळ्यांत आपोआप उगवणारा ‘मनूमिन’ नावाचा रानतांदूळ यांवर त्यांचे जीवन चालत असे. हे लोक मुस्लिम नाहीत. त्यांची जमीन घेणारे मुस्लिम नव्हते आणि आज तिचे काही तुकडे परत करणारेही मुस्लिम नाहीत. मग ही हकीकत या मासिकात कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर पैगंबरांच्या शिकवणीतच आहे. ज्याच्याशी करार झाला आहे अशा परधर्मीयावर जो अन्याय करील, किंवा त्याच्या मनाविरुद्ध त्याची वस्तू घेईल, त्याच्याविरुद्ध कयामतच्या दिवशी आपण स्वतः फिर्यादी म्हणून उभे राहू, असे पैगंबरांनी बजावले आहे (अबू दाऊद). अन्याय सोसणाऱ्याचा धर्म तेथे विचारला जाणार नाही.

१८३६ साली ऑगस्ट महिन्यात सर फ्रान्सिस बाँड हेड हा ब्रिटिश गव्हर्नर मॅनिटूलिन बेटावर अनिशिनाबे प्रमुखांना भेटला. सॉगीन लोकांकडून त्याने सुमारे १५ लाख एकर जमीन सोडवून घेतली आणि बदल्यात वचन दिले की, उत्तरेकडे उरलेले द्वीपकल्प गोऱ्यांच्या अतिक्रमणापासून ब्रिटिश राजसत्ता कायमचे सुरक्षित राखील. जेमतेम अठरा वर्षे झाली तोच, १८५४ मध्ये लॉरेन्स ऑलिफंट नावाचा अधिकारी दुसरा करारनामा घेऊन आला. सरकारचे म्हणणे असे होते की, वसाहतवाल्यांना थोपवणे आता आम्हाला शक्य नाही, तेव्हा जमीन आमच्याकडे सोपवा. आम्ही ती विकून येणारा पैसा तुमच्या हितासाठी राखून ठेवू. प्रमुखांनी खुणा केल्या आणि सुमारे ५ लाख एकरांचे द्वीपकल्प गेले. तब्बल १६७ वर्षांनी, २०२१ मध्ये, ऑन्टारिओच्या वरिष्ठ न्यायालयाने निर्णय दिला की, राजसत्तेने संरक्षणाचे आपले वचन मोडले होते.

येथे हिम्स शहराची आठवण आल्याशिवाय राहत नाही. यर्मूकच्या लढाईपूर्वी मुस्लिम सैन्याला हिम्स सोडून मागे हटावे लागले. बलाजुरी या इतिहासकाराने नोंदवले आहे की, शहर सोडण्यापूर्वी मुस्लिमांनी तेथील ख्रिस्ती व यहुदी रहिवाशांकडून घेतलेला कर त्यांना परत केला. रक्षणाच्या हमीपोटी तो घेतला होता, आणि रक्षण करणे आता शक्य नव्हते. संरक्षण देता येत नाही, हेच कारण हिम्समध्येही होते आणि सॉगीनमध्येही. हिम्समध्ये त्या कारणाने घेतलेले परत दिले गेले, सॉगीनमध्ये त्याच कारणाने उरलेलेही मागितले गेले.

एवढ्यावर भागले नाही. १८५४च्या करारात सॉगीन लोकांसाठी जो छोटा राखीव भाग ठेवला होता, त्याची मोजणी पुढल्या वर्षी चार्ल्स रँकिन या भूमापकाने केली. त्याने आखलेली रेषा करारातील सीमेशी जुळत नव्हती. ह्युरन सरोवराच्या काठचा सुमारे दोन किलोमीटर लांबीचा वालुकामय किनारा त्या रेषेबाहेर पडला. पुढे तेथे पर्यटकांची वर्दळ वाढली, घरे उठली, खरेदी-विक्री झाली. २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितले की, हा किनारा मुळापासून सॉगीन लोकांचाच आहे. २०२४च्या डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने हा निर्णय कायम ठेवला. आपल्याकडे ज्याला बांध कोरणे म्हणतात, तेच हे. फरक इतकाच की, शेतकरी नांगराच्या फाळाने कोरतो आणि सरकार मोजणीच्या साखळीने. जमिनीच्या सीमेच्या खुणा बदलणाऱ्यावर अल्लाहचा धिक्कार असल्याची हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड पडेल, ही हदीस तर बुखारी आणि मुस्लिम दोघांनीही दिली आहे. वीतभर! एकराची गोष्ट दूरच.

आता सरोवरांच्या पलीकडे, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात चला. १८६७च्या करारान्वये तेथे ओजिब्वे लोकांसाठी ‘व्हाइट अर्थ’ नावाचा ८ लाख एकरांहून मोठा प्रदेश राखून ठेवण्यात आला. तो सामाईक होता. नंतर कायदे करून त्याचे तुकडे पाडले गेले आणि एकेका व्यक्तीच्या नावे केले गेले. १९०६ साली नवा नियम आला की, ज्यांचे रक्त ‘मिश्र’ आहे अशा प्रौढांना आपला तुकडा विकण्याची मोकळीक राहील. लाकूड कंपन्या आणि जमिनीचे दलाल टपलेलेच होते. काही वर्षांतच बहुतेक जमीन हातातून निसटली. कोण मिश्र रक्ताचा आणि कोण शुद्ध, यावर तंटे माजले तेव्हा मानववंशशास्त्रज्ञ बोलावले गेले. आलेश हर्डलिच्का हे त्यांतील प्रसिद्ध नाव. माणसांच्या छातीवर नखाने ओरखडा काढून त्वचा किती लाल होते हे ते पाहत आणि त्यावरून रक्ताचा निवाडा करीत. माणसाचा हक्क त्याच्या कातडीवर ओरखडा ओढून ठरवला गेला. गोऱ्याला काळ्यावर ईशभयावाचून कोणतेही श्रेष्ठत्व नाही, हा अंतिम हजच्या प्रवचनातील उपदेश आपण सभांतून इतक्यांदा ऐकतो की त्याची धार जाणवेनाशी होते. ती जाणवून घ्यायची असेल तर हा ओरखडा डोळ्यांपुढे आणावा.

या सर्व हकीकतीत एक गोष्ट वाचकांच्या लक्षात आली असेल. तलवारीने फार थोडे घेतले गेले. बहुतेक सारे कागदाने घेतले. करारनामा होता, खुणा होत्या, साक्षीदार होते, मोजणीचा नकाशा होता, विधिमंडळाचा कायदा होता. ज्याच्याकडे आज खरेदीखत आहे तो म्हणतो, माझ्याकडे कागद आहे.

कागदाविषयी इस्लामची भूमिका काय, हे उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये स्पष्ट आहे. पैगंबरांनी सांगितले की, आपण मनुष्यच आहोत. लोक तंटे घेऊन येतात, त्यांतील एखादा बोलण्यात अधिक चतुर असू शकतो आणि ऐकल्याप्रमाणे आपण निकाल देतो. अशा निकालाने ज्याला आपल्या भावाचा हक्क मिळेल, त्याने तो घेऊ नये, कारण त्याच्या हाती आगीचा तुकडा दिला गेला आहे. जरा थांबून विचार करा. येथे निकाल देणारे खुद्द अल्लाहचे प्रेषित आहेत. त्यांच्या न्यायासनावरून मिळालेला निकालही पराई वस्तू हलाल करू शकत नाही, तर नोंदणी कार्यालयाचा शिक्का ती कशी हलाल करील? सूरह अल-बकराची १८८वी आयत तर अधिकाऱ्यांपर्यंत प्रकरण नेऊन लोकांचा माल गिळण्याला नाव घेऊन मनाई करते.

परतीची वाटही याच प्रदेशात दिसू लागली आहे. मिनेसोटातील लीच लेक येथील ओजिब्वे लोकांची ११,७६० एकर जमीन गेल्या शतकाच्या मध्यास हक्कदारांची रीतसर संमती न घेता सरकारी वनात सामील करण्यात आली होती. ती त्यांना परत देण्याचा कायदा २०२०च्या डिसेंबरमध्ये झाला. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये विस्कॉन्सिन राज्यातील फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती भगिनींनी आपले तळ्याकाठचे साधनास्थळ लॅक दु फ्लॅम्बो येथील ओजिब्वे जमातीच्या स्वाधीन केले. त्या जागेसाठी १९६६ साली मोजलेले ३० हजार डॉलर तेवढेच त्यांनी घेतले. आजचा बाजारभाव त्याच्या कित्येक पट होता. याच भगिनींच्या संघाने १८८३ पासून ओजिब्वे मुलांची एक निवासी शाळा चालवली होती. अशा शाळांतून मुलांची भाषा आणि श्रद्धा पुसल्या गेल्या, आणि त्या इतिहासाची कबुली देऊन भगिनींनी हे पाऊल उचलले. ज्यांनी मूळ जमीन हिसकावली ते केव्हाच मातीआड झाले आहेत. आजच्या धारकांनी ती रीतसर पैसे देऊन घेतली होती. तरीही कोणी न्यायालयात खेचण्यापूर्वीच ती परत द्यावीशी वाटणे, ही लहान गोष्ट नव्हे.

आपल्या फुकहांनी या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. हिसकावलेल्या वस्तूला शरीअतमध्ये मग्सूब म्हणतात. ती दहा हातांतून फिरली, वारशाने आली किंवा पैसे मोजून घेतली, तरी तिच्यावरचा मूळ मालकाचा हक्क नाहीसा होत नाही. आपली वस्तू जशीच्या तशी दुसऱ्याकडे सापडली तर मालकाचा तिच्यावर अधिक हक्क आहे आणि खरेदीदाराने आपले पैसे विक्रेत्याकडून वसूल करावेत, अशा आशयाची हदीस अबू दाऊद यांनी दिली आहे. या काटेकोर हिशेबाने पाहिले तर त्या भगिनींना ३० हजार डॉलरही ओजिब्वे लोकांकडून मागता आले नसते. तसे म्हणणे सोपे आहे. परंतु आपल्यापैकी किती जणांनी विकत घेतलेली जमीन एवढ्यावर सोडली असती, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारतो आणि मग गप्प राहतो.

परत केलेली आदिवासी जमीन अमेरिकेत बहुधा ‘ट्रस्ट’ म्हणून ठेवली जाते. कागदोपत्री मालकी सरकारकडे आणि लाभ जमातीकडे, अशी ही व्यवस्था. ती सामाईक राहते आणि सहजासहजी विकली जात नाही. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. खैबर येथील आपली उत्तम जमीन हजरत उमर (रजि.) यांनी पैगंबरांच्या सल्ल्याने अल्लाहच्या मार्गात दिली ती याच अटीवर की, ती विकली जाणार नाही, बक्षीस दिली जाणार नाही, वारशाने वाटली जाणार नाही आणि तिचे उत्पन्न गरजूंना मिळत राहील. हाच वक्फ. मात्र विश्वस्त प्रामाणिक नसेल तर अमानतीचे काय होते, हेही तेथे दिसले आहे. मूळनिवासींच्या खात्यांचा हिशेब सरकारने नीट ठेवला नाही म्हणून १९९६ मध्ये एलुईझ कोबेल या महिलेने दावा दाखल केला. तो २००९ मध्ये ३४० कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला. आपल्याकडील वक्फच्या जमिनी नाममात्र भाड्यात नातलगांना देणाऱ्या मुतवल्लींनी हा आकडा वाचून ठेवावा.

परत देण्यात एक सूक्ष्म धोका असतो. देणाऱ्याला वाटू लागते की आपण दान करतो आहोत. मग सत्काराची अपेक्षा येते, अटी येतात. जमीन देतो, पण तिचा उपयोग आम्ही सांगू तसा करा, असे म्हटले जाते. सदका देणारा आपल्या मालातून देतो. हक्क परत करणारा दुसऱ्याचे ओझे आपल्या मानेवरून उतरवत असतो, तेव्हा आभार मानायचे तर त्यानेच मानावेत.

खलीफा उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांच्याकडे सत्ता आली तेव्हा उमय्या घराण्याने बळकावलेल्या जमिनींचा ढीग त्यांच्यापुढे होता. त्यांनी सुरुवात स्वतःपासून केली. आपल्या नावे असलेल्या जागिरींच्या सनदा लोकांसमोर एकेक वाचवून घेतल्या आणि कात्रीने कापून टाकल्या. पत्नी फातिमा यांचे माहेरचे दागिने बैतुलमालमध्ये जमा झाले. त्यांच्याच काळात समरकंदच्या रहिवाशांनी तक्रार केली की, सेनापती कुतैबा याने पूर्वसूचना न देता शहर घेतले. खलीफांनी ते प्रकरण काजीकडे सोपवले. काजींनी मुस्लिम सैन्याविरुद्ध निकाल दिला की, सैन्याने शहराबाहेर जावे आणि पुन्हा समान पातळीवर बोलणी व्हावीत. निकाल हातात आल्यावर समरकंदच्या लोकांनी स्वतःहून ठरवले की, आहे ती व्यवस्था चालू द्यावी. अर्थात आपल्या इतिहासातील सगळेच राज्यकर्ते उमर बिन अब्दुल अजीज नव्हते. तसे असते तर त्यांना कापायला इतक्या सनदा मिळाल्याच नसत्या.

बंधूंनो, अनिशिनाबे लोकांची जमीन आपण घेतलेली नाही, असे म्हणून हे पान उलटणे सोपे आहे. म्हणून आता घरात येऊ या.

वडिलांच्या मृत्यूनंतर वारसनोंद होते. काही महिन्यांनी भाऊ बहिणीला तहसीलच्या गावी बोलावतो. हक्कसोडपत्र तयार असते. घरी कोणीतरी वडीलधारी स्त्री तिला समजावते, बाई, जमिनीसाठी भावांशी वाकडे घेऊ नकोस, माहेर तुटेल. ती अंगठा देते किंवा सही करते. पुढे भाऊ सर्वांना सांगतो, बहिणीने खुशीने सोडले. मनाच्या खऱ्या खुशीवाचून कोणाचा माल हलाल होत नाही, अशी पैगंबरांची शिकवण आहे. ती खुशी खरोखर होती का, हे भावानेच आपल्या काळजाला विचारावे. १८५४ साली प्रमुखांना सांगण्यात आले की, सही केली नाहीत तर आम्ही तुमचे रक्षण करू शकणार नाही. माहेर तुटेल, या वाक्याचा अर्थ याहून निराळा आहे काय?

सूरह अन-निसाच्या ७व्या आयतीत वारशातील स्त्रीचा हिस्सा थोडा असो वा फार, तो ठरवून दिलेला असल्याचे म्हटले आहे. ११व्या आयतीत वाटे सांगितले आणि १४व्या आयतीत मर्यादा ओलांडणाऱ्याला आगीचा इशारा दिला. नमाज-रोजात काटेकोर असणारी कितीतरी घरे या ठिकाणी मात्र निर्धास्त असतात. लग्नात खर्च केला होता, दरवर्षी ईदला साडी पाठवतो, अशी उत्तरे मिळतात. सॉगीनच्या लोकांनाही जमीन सोडताना वार्षिक रकमेचे आश्वासन मिळाले होते.

परत देण्याची रीत अशी. फराइज जाणणाऱ्या आलिमकडून हिस्सा काढून घ्यावा. जमीन शिल्लक असेल तर जमीनच द्यावी आणि नोंद तिच्या नावे करून ताबा तिच्या हाती द्यावा. इतक्या वर्षांच्या उत्पन्नाचे काय, यावर इमामांत मतभेद आहेत. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव ज्या शाफई मसलकाचे आहेत, त्यानुसार वापराचा मोबदलाही देणे लागते. हनफी मसलकात वक्फ, यतीमांची मालमत्ता आणि भाड्यासाठी राखलेली मालमत्ता यांच्या बाबतीत तो आवश्यक आहे, एरवी नाही. परंतु ज्याला खुल्या मनाने मोकळे व्हायचे आहे, तो मसलकातील सवलत शोधत बसणार नाही. बहीण हयात नसेल तर तिच्या मुलांचा शोध घ्यावा. ती दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या देशात असली तरी हक्क संपत नाही. ताबा मिळाल्यावर तिने समरकंदच्या लोकांप्रमाणे स्वतःहून काही सोडले तर ती तिची मर्जी. ती मर्जी ताब्याआधी विचारू नये.

पिढी उलटली असेल तर हिशेब आत्याचा असेल, आजोबांच्या बहिणीचाही असेल. या महिन्यात सवड काढून तलाठी कार्यालयातून आपल्या गटाचा जुना फेरफार काढून आणावा आणि त्यावरील स्त्रियांची नावे कोणत्या साली, कोणत्या कागदाने कमी झाली, ते वाचून पाहावे.